माळ्यावरचे जुने पुस्तक पहिल्या आवृत्तीचे आहे का, हे कसे ओळखावे

कोकणातल्या घरांत जुनी पुस्तके बहुधा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असतात. ती पावसाळा सरल्यावरच काढावीत, कारण दमटपणाने चिकटलेली पाने उलटताना फाटतात.

प्रथम शीर्षकपानाची मागची बाजू पाहावी. तेथे ‘प्रथमावृत्ती’ किंवा ‘आवृत्ती पहिली’ असे लिहून साल दिलेले असते. आवृत्त्यांची यादी असेल तर शेवटचे साल आपल्या प्रतीचे समजावे. साल शके असल्यास त्यात ७८ मिळवावेत, आणि पुस्तक माघ-फाल्गुनात निघालेले असेल तर ७९.

मात्र एवढ्यावर विसंबू नये. आमच्या माळ्यावर सापडलेल्या एका नाटकाच्या प्रतीवर ‘प्रथमावृत्ती १९४८’ असे स्वच्छ छापलेले होते; दोन दिवसांच्या आनंदानंतर मलपृष्ठावरील प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिन दिसला, आणि पिन तर १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. पुनर्मुद्रण करताना जुनी ओळ तशीच राहिली होती.

किंमतही अशीच बोलते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, त्यामुळे आण्यांतली किंमत साधारणपणे त्याआधीची असते, तर ‘नवे पैसे’ १९५७ ते १९६४ या काळातले. किमतीवर चिठ्ठी चिकटवलेली असल्यास ती उजेडासमोर धरून खालचा आकडा वाचावा. शिल्लक प्रतींवर प्रकाशक वाढीव किंमत अशी डकवत असत, म्हणून केवळ चिठ्ठीमुळे प्रत बाद ठरत नाही.

माझा सर्वाधिक भरवसा शुद्धलेखनावर आहे. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. १९३५ ची म्हणवणारी प्रत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तें’ असे न छापता सर्वत्र ‘नाही’, ‘काही’, ‘ते’ छापत असेल, तर तो मजकूर बहुधा नंतर पुन्हा जुळवलेला आहे. उलट अनुमान मात्र काढू नये, कारण जुने वळण न सोडणारे लेखक पुष्कळ होते. पानाच्या पाठीवरून बोट फिरवावे: जुन्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईचा दाब अनेकदा बोटाला लागतो; नंतरच्या ऑफसेट छपाईचा लागत नाही.

शंका उरल्यास जुन्या ग्रंथालयातली प्रत मागून पृष्ठसंख्या व मुद्रणालयाचे नाव ताडून पाहावे. १८२८ पासूनचे रत्नागिरीचे नगर वाचनालय त्यासाठी जवळचे. तेथील प्रतींची बांधणी मात्र बदललेली असू शकते, म्हणून मूळ वेष्टनाचा निर्णय त्यांवरून करू नये.