शेवंतीवरचा काळा मावा असा घालवला

मुलुंडला आमच्या ग्रिलमधल्या शेवंतीला थंडीत कळ्या धरल्या आणि लगेच कोवळ्या देठांवर चकचकीत चॉकलेटी-काळे किडे दाटीने चिकटलेले दिसले. हा खास शेवंतीचाच मावा (रस शोषणारी बारीक कीड), शास्त्रीय नाव मॅक्रोसिफोनिएला सॅनबॉर्नी, त्यामुळे शेजारच्या जास्वंदीला काही झालं नव्हतं. याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्लं देतात म्हणून एखादा शेंडा जरी सुटला तरी परत सगळं झाड भरतं, सो आधी प्रत्येक शेंडा बोटांत धरून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतला, मग संध्याकाळी ऊन गेल्यावर लिटरभर पाण्यात ५ मिली नीम ऑइल आणि थेंबभर लिक्विड सोप, पानांच्या खालूनसुद्धा. दर आठवड्याला रिपीट. लेडीबगच्या काळ्या-नारिंगी अळ्या दिसल्या तर प्लीज मारू नका, त्या मावाच खातात! कळ्या आता मस्त उमलतायत.