व्हॉल्व्हचा जुना रेडिओ दुरुस्त करताय? आधी या चुका टाळा

व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, जुना रेडिओ हाती लागला की मोह आवरत नाही: प्लग खुपसायचा आणि चालतोय का बघायचं. कधी कधी तो चालतोही, आणि दहाव्या मिनिटाला ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघतो. वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहून रेडिओचं होतं त्यापेक्षा जास्त नुकसान तो खाली उतरवल्यावरच्या पहिल्या तासात होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. बंद रेडिओत मूळ दोष बहुधा एक-दोनच असतात. बाकीचे आपण घालतो. आणि आपण घातलेला दोष शोधणं जास्त अवघड, कारण तो कुठल्याच सर्किट डायग्रॅमला धरून नसतो.

थेट मेन्सवर (घरच्या विजेवर) लावणं

फिल्टरच्या, म्हणजे डीसी सपाट करणाऱ्या, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि सगळी भिस्त त्याच्यावर. रेडिओ अनेक वर्षं बंद राहिला की हा थर कमकुवत होतो, आतला द्रव सुकतो. अशा कंडेन्सरवर अचानक २५०-३०० व्होल्ट आले की तो जवळपास शॉर्टसारखा वागतो. तो भार रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर यांच्यावर येतो. कंडेन्सर कुठेही मिळतो. जळालेला ट्रान्सफॉर्मर मात्र पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो.

म्हणून आधी सिरीज बल्ब. ४० किंवा ६० वॅटचा तारेचा जुना बल्ब रेडिओच्या फेजमध्ये सिरीजने जोडायचा (एलईडी बल्ब इथे कामाचा नाही). ट्रान्सफॉर्मरच्या रेडिओत पहिली चाचणी रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा हीटरच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेच्या) वायरिंगमध्ये. रेक्टिफायर बसवल्यावरच बल्ब लख्ख होत असेल तर एचटी लाइनवर (व्हॉल्व्हना उच्च डीसी व्होल्टेज पुरवणाऱ्या वाटेवर) कुठेतरी शॉर्ट आहे, आणि पहिला संशयित फिल्टर कंडेन्सरच.

व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं की कंडेन्सर ‘जिवंत’ होतात, असं सांगितलं जातं. व्हॉल्व्ह रेक्टिफायर असेल तर हा उपाय अर्धाच लागू पडतो. कमी व्होल्टेजवर रेक्टिफायरचा हीटर पुरेसा तापत नाही, त्यामुळे एचटी येतच नाही. आणि तापला की एकदम बरंचसं येतं. शिवाय साधा व्हेरिॲक मेन्सपासून तुम्हाला वेगळं करत नाही. तो लावला म्हणून हात लावायला मोकळे, असं अजिबात नाही.

चॅसिसला हात लावणं

ही चूक रेडिओच्या नाही, तुमच्या जिवावर बेतते. अनेक रेडिओंमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतोच. सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर एका साखळीत जोडलेले असतात आणि मेन्सची एक तार सरळ चॅसिसला, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्याला. व्हॉल्व्हचे नंबर यूसीएच४२, यूएल४१, यूवाय४१ असे ‘यू’ने सुरू होत असतील, किंवा अमेरिकन बनावटीच्या संचात १२बीई६, ५०सी५, ३५डब्ल्यू४ असे दिसत असतील, तर हा एसी-डीसी प्रकार समजा. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की पूर्ण मेन्स चॅसिसवर येते. काही संचांत तर स्विच बंद असतानाही हीटरच्या साखळीतून चॅसिसवर करंट असतो. बटणांच्या खोबणीतले स्क्रू मेणाने बुजवलेले दिसतात ते याचसाठी; ते मेण खरवडून टाकलं तर पुन्हा भरा.

‘ई’ने सुरू होणाऱ्या मालिकेतले (बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या रेडिओतले) व्हॉल्व्ह आहेत म्हणूनही निर्धास्त राहू नका, कारण काही रेडिओंत ऑटोट्रान्सफॉर्मर (एकाच गुंडाळीचा, मेन्सपासून वेगळं न करणारा) असतो आणि तिथेही चॅसिस मेन्सला जोडलेली असते. खात्री करायची पद्धत सोपी आहे. प्लग काढलेला, स्विच चालू, आणि मल्टिमीटरने प्लगच्या प्रत्येक पिनपासून चॅसिसपर्यंतचा रेझिस्टन्स मोजा. काही शे ओहम किंवा त्याहून कमी आला तर मेन्सपासून वेगळं करणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय कामाला बसू नका. अशा चॅसिसला अर्थिंगची तार जोडणं म्हणजे शॉर्टला आमंत्रण.

प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. स्क्रू-ड्रायव्हरने टचकन शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय वाईट; त्याने कंडेन्सरही दुखावतो. १ ते १० किलोओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने काही सेकंद लावून ठेवा आणि मीटरवर शून्य आल्याशिवाय बोट आत घालू नका.

सगळे कंडेन्सर एका बैठकीत बदलणं

उत्साहाच्या भरात वीस कंडेन्सर एका संध्याकाळी बदलायचे, मग रेडिओ लावायचा आणि तो मुका. आता वीस जागी संशय. त्याऐवजी चॅसिसचे चारी बाजूंनी फोटो काढा, एक भाग बदला, सोल्डर नीट तपासा, मग पुढचा. दर तीन-चार भागांनंतर सिरीज बल्बवर रेडिओ लावून बघा. वेळ जास्त जातो, पण बिघडलं तर शेवटच्या तीन-चार सांध्यांतच बिघडलेलं असतं.

काय बदलायचं याचाही विवेक हवा. मेणाचे किंवा डांबराचे पेपर कंडेन्सर सरसकट बदला, त्यांच्यावर दया नको. मायका आणि सिरॅमिक सहसा टिकतात. विनाकारण उपटू नका. कार्बनच्या रेझिस्टरांचा रेझिस्टन्स वयाबरोबर वाढत जातो. ते सर्किटमध्येच मोजले तर समांतर वाटांमुळे आकडा कमी दिसू शकतो, जास्त कधीच नाही. म्हणजे प्लग काढलेल्या आणि डिस्चार्ज केलेल्या रेडिओत १०० किलोओहमचा रेझिस्टर १५० दाखवत असेल तर तो नक्की गेलेला. १०० किंवा कमी दाखवत असेल तर एक पाय सोडवून पुन्हा मोजा.

सगळ्यात घातक एकच

सगळ्या पेपर कंडेन्सरांपैकी एकच बदलण्याएवढा वेळ असेल तर कपलिंग कंडेन्सर बदला: ऑडिओ ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हच्या ॲनोडपासून (उच्च व्होल्टेजच्या टोकापासून) आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (करंट आवरणाऱ्या जाळीकडे) जाणारा, बहुधा ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा. त्याच्या एका बाजूला शंभरएक व्होल्ट डीसी असतात आणि दुसरी बाजू शून्यावर असायला हवी. तो किंचित गळू लागला की ग्रिड पॉझिटिव्ह होतो, आउटपुट व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो, आणि मग व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर असे एकेक करून जातात.

‘मी मीटरवर तपासला, चांगला आहे’ हे इथे चालत नाही. समजा कंडेन्सरची गळती २० मेगओहम आहे. मल्टिमीटर तो फार कमी व्होल्टेजवर मोजतो, २० मेगओहम हा आकडा निरुपद्रवी वाटतो आणि कॅपॅसिटन्स तर कधी कधी छापलेल्यापेक्षा जास्तच भरतो. पण १०० व्होल्टवर त्यातून ५ मायक्रोअँपिअर वाहतात. ग्रिडचा रेझिस्टर १ मेगओहमचा असेल तर ग्रिडवर जवळपास ५ व्होल्ट आले. ईएल८४ सारख्या व्हॉल्व्हचं कॅथोड बायसच (ग्रिडला निगेटिव्ह ठेवून करंट आवरणारं व्होल्टेज) मुळात सातएक व्होल्ट असतं, त्यातला मोठा वाटा इथेच संपला.

खरी चाचणी चालू रेडिओत होते. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर डीसी व्होल्टेज मोजा. शून्य किंवा थोडं निगेटिव्ह असावं. पॉझिटिव्ह असेल तर रेडिओ बंद करा, डिस्चार्ज करा, कंडेन्सरचा ग्रिडकडचा पाय सोडवा आणि पुन्हा मोजा. व्होल्टेज गेलं तर दोषी कंडेन्सर. तरीही राहिलं तर व्हॉल्व्हमध्येच गॅस आहे. सुरुवातीला स्वच्छ आवाज आणि पंधरा मिनिटांनी फाटका, घोगरा, अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी इथेच बघा.

‘मोठा लावला तर बरंच की’

फिल्टर कंडेन्सर ३२ मायक्रोफॅरडचा होता, आता ४७ चा सहज मिळतो, मग २२० चा का नको? कारण रेक्टिफायरनंतरचा पहिला कंडेन्सर जितका मोठा तितका व्हॉल्व्हवर करंटचा धक्का मोठा. ईझेड८० ला तिथे ५० मायक्रोफॅरडपर्यंतच परवानगी आहे. व्होल्टेज रेटिंग मात्र मूळच्यापेक्षा कमी घेऊ नका. ४५० व्होल्टचा सहसा पुरतो. नवा कंडेन्सर जुन्याला समांतर जोडून भागवू नका, जुना सोडवा. ॲल्युमिनियमचा डबा दिखाव्यासाठी राहू द्या. आणि निगेटिव्ह टोक चॅसिसलाच जातं असं गृहीत धरू नका: काही रेडिओंत मध्ये एक छोटा रेझिस्टर असतो आणि त्यावरूनच बायस मिळतं.

मेन्सच्या बाजूचे कंडेन्सर वेगळ्या जातीचे लागतात. मेन्सच्या दोन तारांमध्ये एक्स२, आणि मेन्सपासून चॅसिस, एरियल किंवा अर्थकडे जाणाऱ्या जागी वाय वर्गाचा. ‘६३० व्होल्ट डीसी’ लिहिलेला साधा कंडेन्सर इथे बसवणं धोक्याचं. रेडिओला फ्यूज नसेल तर एक अँपिअरचा घालून टाका. मागे व्होल्टेजची पट्टी असेल तर तीही बघा. २२० वर लावलेला रेडिओ २४० वर चालला की हीटरपासून एचटीपर्यंत सगळंच वर सरकतं.

आयएफचे कोअर फिरवणं

‘आवाज कमी आहे, जरा ट्यून करून बघू’ म्हणत आयएफ ट्रान्सफॉर्मरचे (ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेल्या गुंडाळ्यांचे) कोअर फिरवणारा माणूस प्रत्येक जुन्या रेडिओच्या इतिहासात एकदा तरी येऊन गेलेला असतो. कोअर आपणहून सहसा फारसे हलत नाहीत. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने ते तडकतात आणि मग आतच अडकतात. हे काम सिग्नल जनरेटर असेल तर आणि बाकीचं सगळं दुरुस्त झाल्यावरच. गँग कंडेन्सरच्या (स्टेशन लावताना ज्याची पाती फिरतात त्याच्या) बाहेरच्या पात्यांना पडलेल्या चिरा बिघाड नाहीत. त्या कारखान्यात जुळवणीसाठीच ठेवलेल्या असतात. पात्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढा, वाकवू नका.

बँड स्विचवर गंज सोडवायचं तेल फवारू नका. ते वेफरच्या (स्विचच्या चकतीच्या) पॅक्सोलिनमध्ये, म्हणजे दाबलेल्या कागदी इन्सुलेशनमध्ये, मुरतं आणि तिथून गळती सुरू होते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब, तोही नेमका पट्टीवर, पुरे.

डायल आणि पेटी

डायलची काच ओल्या फडक्याने पुसणं ही एका क्षणात होणारी आणि कधीच न भरून येणारी चूक. स्टेशनांची नावं आणि आकडे काचेच्या आतल्या बाजूला छापलेले असतात, आणि जुनी शाई नुसत्या पाण्यानेही सुटते. फडक्यावर सोनेरी डाग दिसेपर्यंत अर्धं मीडियम वेव्ह गेलेलं असतं. आतल्या बाजूला फक्त कोरडा, मऊ ब्रश. व्हॉल्व्हवरचे नंबरही असेच पुसले जातात. त्यांची काच ओल्याने पुसूच नका.

डायलची दोरी काढण्याआधी तिचा मार्ग आणि ड्रमवरचे वेढे कागदावर काढून ठेवा. पेटीचा व्हिनिअर पातळ असतो, सँडर लावू नका. स्पीकरचं कापड धुतलं की आकसतं. आत व्हॉल्व्हजवळ राखाडी, कागदासारखा उष्णतारोधक पत्रा दिसला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो, खरवडू नका.

लक्षणावरून दोषाकडे

घूं असा आवाज येतोय आणि व्हॉल्यूम कमी करूनही तो तसाच राहतो? फिल्टर कंडेन्सर. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होतो? मग दोष सर्किटमध्ये व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधीच्या भागात. अख्खा रेडिओ मुका आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या आतली बारीक जाळी लाल तापलेली दिसतेय? लगेच बंद करा. ॲनोडला व्होल्टेज पोचत नाही, सगळा भार स्क्रीन ग्रिडवर, म्हणजे त्या जाळीवर, आलाय. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी तुटलेलं असण्याची शक्यता मोठी. याच ट्रान्सफॉर्मरच्या जिवासाठी स्पीकर काढून रेडिओ चालवायचा नसतो.

एसी-डीसी संचात एकही हीटर पेटत नाही तेव्हा पाचही व्हॉल्व्ह गेले असं होत नाही, साखळीतला एक गेलेला असतो. प्लग काढून प्रत्येकाच्या हीटर पिना मीटरने मोजा. आणि एकूणच व्हॉल्व्हवर संशय शेवटी घ्या. काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आणि तो व्हॉल्व्ह संपला; नाहीतर बहुतेक व्हॉल्व्ह तुमच्या अंदाजापेक्षा धडधाकट निघतात. मॅजिक आय (स्टेशन नेमकं लागलं का ते उजेडाने दाखवणारा व्हॉल्व्ह) नीट उघडमिट करत नसली तरी नवी घेण्याआधी तिच्या बेसमधला रेझिस्टर मोजा, तो बऱ्याचदा वाढलेला असतो.

डायलच्या अर्ध्याच भागात स्टेशनं लागत असतील तर ऑसिलेटर (रेडिओच्या आत स्वतःची लहर तयार करणारा भाग) थकलाय, आणि तो बहुधा ज्यात असतो तो मिक्सर व्हॉल्व्ह बदलून बघायला हरकत नाही. कुठेच काही लागत नसेल आणि नुसता खरखराट असेल तर आधी काही मीटर तारेची एरियल लावा, कारण यातल्या बऱ्याच रेडिओंना स्वतःची एरियल नसते. एसी-डीसी संचात ती एरियलच्या सॉकेटमध्येच लावा, चॅसिसला नव्हे. अंधार पडल्यावर मीडियम वेव्ह लांबवरून येते, तेव्हा पुन्हा लावून बघा. घरातले मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे एकेक करून बंद करा. त्याच टेबलावर बॅटरीचा छोटा रेडिओ ठेवा, आणि त्यातही मीडियम वेव्हवर तीच खरखर येत असेल तर सोल्डरिंग आयर्न बंद करून ठेवा.