विद्यार्थी भीमरावांच्या पुतळ्याचं लोकार्पण करताना

तारखेआधी कागद. जागा कोणाच्याही नावावर असो, फाइल जिल्हाधिकारी कार्यालयातून फिरतेच आणि ओतकामाआधी मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स घरी ठेवा.

मॉडेल मातीत असेपर्यंतच मूर्तिकाराकडे चार-पाच खेपा घाला. आमच्या नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या अभ्यासिकेला बावीस वर्षांचे भीमराव हवे होते, १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेलेले. पहिल्या मॉडेलमध्ये सवयीने हातात संविधान आलं होतं. संविधान स्वीकारलं गेलं १९४९ साली. मी म्हटलं, "भाऊ, हे पुस्तक अजून लिहायचं आहे. आत्ता त्यांना वाचू द्या." त्याने माती खरवडून अर्धवट मिटलेलं पुस्तक केलं, पानांत खूण म्हणून बोट ठेवलेलं. त्या बोटापाशी मला भरून आलं. मातीत हे तासाभराचं काम असतं, ब्राँझमध्ये पुन्हा होत नाही.

कोनशिलेचा मजकूर मराठीच्या बाईंकडून तपासून घ्या. समोर नाव, साल, वय. मान्यवरांची यादी मागच्या बाजूला.

१४ एप्रिल निवडलात तर कार्यक्रम संध्याकाळी ठेवा. आदल्या मध्यरात्री वस्ती संविधान चौकात असते, आणि नागपूरच्या दुपारी तापलेल्या ब्राँझला हात लावून पोरं भाजून घेतील.

पडद्याची तालीम करा, ही माझी कळकळीची विनंती. आमचा पडदा पुस्तकाच्या कोपऱ्यात अडकला, दोरी ओढणारी मुलगी रडवेली झाली, शेवटी शिडी आणावी लागली. पडदा पुतळ्यावर टाकू नका, त्याच्यापुढे फूटभर अंतरावर चौकट उभारा. कापडाचे दोन भाग मधोमध कच्च्या टाक्याने जोडा, दोरी ओढली की टाका उसवतो. दोरी मात्र अभ्यासिकेतल्या मुलामुलींच्याच हाती द्या, पाहुणे कितीही मोठे असले तरी. मग त्रिशरण-पंचशील, आणि भाषणं दोनच.

हार त्याच रात्री उतरवा, ओल्या फुलांचे डाग पडतात. पुसायला साधं पाणी आणि मऊ फडकं. लिंबू-चिंच लावाल तर ब्राँझवरचा रंगच जाईल.

आणि चौथऱ्याला बसायला दीड फूट रुंद कट्टा ठेवा, वर दिवा. आमच्याकडे रात्री नऊपर्यंत तिथे वाचायला जागा मिळत नाही.