टर्नटेबल लावताय? मग या चुका टाळा (खान्देशी उन्हासकट)

आजोबांचा जुना टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) माळ्यावरून काढला, चोरबाजारातून चार एलपी रेकॉर्ड आणल्या, अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि स्पीकर घेतले, आणि पंधरा दिवसात तक्रार सुरू होते की आवाज पाहिजे तसा येत नाही, आता अ‍ॅम्प बदलू का. भाऊ, अ‍ॅम्प राहू द्या. बहुतेक वेळा पैसे गेलेले असतात डब्यावर आणि बिघाड असतो टर्नटेबलच्या मांडणीत, अर्थिंगमध्ये, नाहीतर खोलीच्या चार भिंतींमध्ये. तिथे बघायला खर्च जवळपास शून्य.

घुंऽऽ असा आवाज येतोय

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आधी टर्नटेबलची वायर अ‍ॅम्पमधून काढा आणि आवाज नेहमीएवढाच ठेवा. घुं बंद झालं तर दोष टर्नटेबलकडून येतोय, नाही झालं तर अ‍ॅम्प नाहीतर घरची लाइन. टर्नटेबलकडून येत असेल तर मागे लाल-पांढऱ्या पिनांसोबत एक बारीक वायर असते, टोकाला चिमट्यासारखा तुकडा, ती अ‍ॅम्पच्या किंवा टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या फोनो प्रीअ‍ॅम्पच्या जीएनडी (ग्राउंड) लिहिलेल्या स्क्रूला लावायची असते. बरेच जण ती मोकळीच लोंबत ठेवतात, काहींना तर वाटतं ही एरियलची आहे.

ती लावूनही घुं राहिलं तर घरचं अर्थिंग बघा, आणि इथे आपल्या मातीचा संबंध येतो. काळी माती पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थिंग छान चालतं, पण एप्रिल-मे मध्ये तीच माती भेगा पडेपर्यंत वाळते आणि खड्ड्यातल्या प्लेटला जमिनीशी धड संपर्कच राहत नाही. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकायचं असतं हे जुन्या वायरमनला विचारा, तो सांगेल. जानेवारीत शांत असलेला सेट मे महिन्यात गुणगुणायला लागला तर अ‍ॅम्प खोलण्याआधी बादलीभर पाणी टाकून बघा. आणि घुं जावं म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग असतात, ते अजिबात करू नका, घुं जाईलही पण अ‍ॅम्पच्या पत्र्यात करंट उतरला तर हात लावणाऱ्याचं काय.

झिर्रर्र असा वेगळा, किरकिरा आवाज असेल तर तो बहुतेक पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा. पंखा फुल करा किंवा बंद करा, गेला तर चोर सापडला.

आवाज बारीक, पातळ, बेसच नाही

कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या तुकड्यातून) निघतो तो सिग्नल असतो ३ ते ५ मिलिव्होल्टचा, म्हणजे काहीच नाही. शिवाय रेकॉर्ड कापतानाच बेस मुद्दाम कमी आणि वरचे सूर जास्त भरलेले असतात, नाहीतर खोबणी मावणार नाही. फोनो स्टेज, म्हणजेच फोनो प्रीअ‍ॅम्प, हे सगळं उलटं करून परत सरळ करते. त्यामुळे टर्नटेबल थेट ऑक्समध्ये (साध्या इनपुटमध्ये) खुपसलं की आवाज मच्छरासारखा येणारच. याच्या उलट चूक म्हणजे टर्नटेबलमध्येच प्रीअ‍ॅम्प आहे, त्याचं बटण चालू, आणि वायर अ‍ॅम्पच्या फोनोमध्ये. मग दोनदा वाढवलेला सिग्नल फाटतो आणि फोन येतो, "आवाज फुटी ऱ्हायना भो." दोन्हीपैकी एकच ठेवा.

बेस नाही पण आवाज मोठा आहे, गायक मधोमध उभा न राहता कुठेतरी डोक्यामागे पसरल्यासारखा वाटतो, असं असेल तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी आहे. जाळी काढा, अ‍ॅम्पकडून वायर सोडवा आणि तिच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा, लाल टोकाला प्लस. दोन्ही वूफर (बेसचे मोठे पडदे) बाहेर यायला पाहिजेत. एक आत गेला तर तोच उलटा.

अमेरिकेहून आलेला टर्नटेबल

पुतण्या येतो, सोबत सुंदर टर्नटेबल आणतो, आपण ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावतो आणि वाटतं झालं काम. पण तिकडे लाइन ६० हर्ट्झची आणि आपली ५०. ज्या जुन्या टर्नटेबलची एसी मोटर थेट लाइनच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते ती इथे मिनिटाला ३३ ऐवजी जेमतेम २८ फेरे मारते, ट्रान्सफॉर्मरने त्यात काही फरक पडत नाही. पट्टी तीन अर्ध्या सुरांनी खाली, म्हणजे काळी पाचची बाई पांढरी पाचला गायला लागते आणि सगळी मैफल झोपाळू होते. वेगळी पुली घ्यावी लागते, ती त्या मॉडेलची मिळाली तर. डीसी मोटरवाल्याला आणि बहुतेक डायरेक्ट ड्राइव्हला हा त्रास नसतो. वेग तपासायची स्ट्रोबची चकती (बल्बच्या लुकलुकीत तिच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर) ५० हर्ट्झची घ्या, ३३ साठी तिच्यावर १८० रेघा असतात, अमेरिकन चकतीवर २१६ असतात आणि तिच्यावरून तुम्ही बरोबर असलेला टर्नटेबल बिघडवाल. बघताना जुना पिवळा बल्ब लावा, चांगल्या एलईडीत ती लुकलुक दिसतच नाही.

शोकेसवर टर्नटेबल

सागवानी शोकेस, मधल्या फळीवर टर्नटेबल, दोन बाजूला त्याच फळीवर स्पीकर, मध्ये टीव्ही. दिसायला फोटोसारखं. पण स्पीकरचा हादरा फळीतून सुईत, सुईतून परत स्पीकरमध्ये, आणि आवाज वाढवला की गडगड सुरू. तपासायला सोपं आहे, प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती चकती) बंद ठेवून सुई रेकॉर्डवर टेकवा, व्हॉल्यूम नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा आणि फळीवर बोटाने टकटक करा. स्पीकरमधून ठक्क ऐकू आलं तर गाण्याचा बेसही तिथूनच जातोय. स्पीकर खाली उतरवा, नाहीतर टर्नटेबलला जाड भिंतीत वेगळं ब्रॅकेट ठोका. जुन्या धाब्याच्या घरात राहत असाल तर भाग्यवान आहात, दोन-दोन फुटाच्या भिंतीतल्या कोनाड्यात (मावत असेल तर) टर्नटेबल ठेवा, भुसावळच्या लाइनवरची मालगाडी गेली तरी फारसं हलत नाही.

गवंड्याची छोटी पाणसळ आणा आणि प्लॅटरवर दोन्ही दिशांनी ठेवून बघा. मगच सुईचं वजन लावा. वजनाबद्दल एक हट्टी गैरसमज आहे की जितकं हलकं तितकी रेकॉर्ड वाचते. बहुतेक एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास लागतं, कंपनीने जे सांगितलं त्या मर्यादेच्या वरच्या बाजूला ठेवा, कारण हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि तिथेच भिंत खरवडते. ऑनलाइन दोन-चारशेत डिजिटल काटा मिळतो. सुई उडते म्हणून हेडशेलवर (कार्ट्रिज धरणाऱ्या टोकावर) नाणं चिकटवणं मात्र बंद करा.

दहा बाय दहाची खोली

आपल्याकडे खोली म्हटलं की दहा बाय दहा, आणि स्लॅबही दहा फुटावर. आवाजासाठी यापेक्षा वाईट माप शोधून सापडणार नाही. दहा फुटात ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये अडकून घुमतो, आणि इथे लांबी, रुंदी, उंची तिन्हीत तोच सूर, त्यामुळे बेस एका जागी ढब्ब आणि दुसऱ्या जागी गायब. घरात दहा बाय पंधराची खोली असेल तर सेट तिकडे न्या, घरच्यांशी भांडून न्या. स्पीकर छोट्या भिंतीकडे, मागच्या भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढे, कोपऱ्यात तर नाहीच. तुम्ही आणि दोन स्पीकर असा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा पडदा) कानाच्या उंचीवर. खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर नको आणि मागच्या भिंतीला चिकटूनही नको.

मग टाळी वाजवा. टर्रर्र असं परत आलं तर नुसती फरशी, प्लास्टर आणि काच आहे. यावर लोक अंड्यांचे ट्रे चिकटवतात, त्याने बेसला काहीही होत नाही, फक्त खोली पोल्ट्रीसारखी दिसते. थर्माकोलही तसंच. आणि आपण कापसाच्या मुलखात राहतो हे लोक विसरतात कसे? पिंजाऱ्याकडून चार-पाच इंच जाड गादी भरून घ्या, लाकडी चौकटीत उभी करा, भिंतीपासून चार इंच सोडून. दोन मागच्या कोपऱ्यात आणि एकेक बाजूच्या भिंतीला, जिथे आरसा धरला तर खुर्चीतून स्पीकर दिसतो तिथे. खाली सतरंजी, भिंतीला जुनी गोधडी. चौकटीला खालून जाळी मारा नाहीतर उंदीर आत संसार थाटतील, आणि प्लग पॉइंटपासून लांब ठेवा, कापूस तो कापूस.

ऊन आणि कूलर

एलपी पीव्हीसीची असते, साधारण ६०-७० अंशाला ती नरम पडायला लागते. मे महिन्यात जळगावला ४५ च्या पुढे पारा असताना उन्हातल्या बंद गाडीत एवढं सहज होतं, म्हणून बाजारातून आणलेली रेकॉर्ड सीटवर ठेवून जेवायला जाऊ नका. घरात स्लॅबखालचा माळा आणि पश्चिमेची भिंत टाळा. आडवी थप्पी नको, उभ्या ठेवा, फार सैल नाही फार घट्ट नाही. फळी मजबूत लागते, फूटभर ओळीचं वजन १५ किलोच्या पुढे जातं.

कूलरच्या तोंडासमोर कपाट असेल तर कव्हरला बुरशी धरते. अ‍ॅम्पवर विणलेला रुमाल आणि त्यावर फुलदाणी हे तर ताबडतोब काढा, त्याला वरून चार-सहा इंच मोकळी हवा पाहिजे, खासकरून आपल्याकडे.

धुताना

बोअरचं पाणी वापरू नका, क्षार खोबणीत बसतात आणि कटकट कायमची. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, लेबल कोरडं. घरातला काच पुसायचा निळा स्प्रे नको, खोबरेल तर अजिबात नको (हो, लावतात लोक). जिनिंगच्या दिवसात हवेत तंतू उडतात तेव्हा प्रत्येक बाजूआधी कार्बन फायबर ब्रश फिरवा आणि सुईवरचा पुंजका मागून पुढे काढा, आडवा नाही.

मिनिटाला ७८ फेरे मारणाऱ्या जुन्या तबकड्यांना वेगळा कायदा. बालगंधर्व लहानपणी जळगावात गाणं शिकले, त्यांच्या किंवा त्या काळातल्या कुणाच्या तबकड्या जुन्या पेटीत निघाल्या तर त्या लाखेच्या असतात, आणि सुतार फर्निचरच्या पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. त्यामुळे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा स्पिरिट असलेलं कुठलंही क्लीनर त्यांना लागू देऊ नका, वरचा थर निघून येईल. सुईही वेगळी, ७८ ची खोबणी एलपीपेक्षा बरीच रुंद असते, एलपीची सुई तिच्या तळाला घासत जाते आणि फक्त खरखर ऐकू येते. आणि सेकंडहँड टर्नटेबलसोबत आलेली सुई कितीही चकचकीत दिसली, विकणारा "फक्त दोनदा वापरलीय" म्हणाला, तरी ती संपलेली आहे असं धरून चला आणि नवी लावल्याशिवाय चांगली रेकॉर्ड तिच्याखाली ठेवू नका.