आर्केड कॅबिनेटमध्ये (व्हिडिओ गेमच्या पेटीत) जुना टीव्ही उभा बसवल्यावर पडद्यावर रंगीत डाग

उभ्या पडद्याच्या गेमसाठी २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही ९० अंशांत फिरवला, आणि कोपऱ्यांत जांभळट-हिरवट डाग आले. रंगांचं सेटिंग, केबल बदलणं, सगळं फुकट. स्पीकर लांब नेल्यावर त्या बाजूचा एकच डाग फिका झाला. डोकं फिरलं.

टीव्ही फिरवला की पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या तुलनेत ट्यूबमधल्या शॅडो मास्कची (पडद्यामागची बारीक भोकांची धातूची जाळी) दिशा बदलते, ती वेगळ्या तऱ्हेने चुंबकित होते आणि रंग चुकतात. आतली डिगॉसिंग कॉइल (जाळीचं चुंबकत्व घालवणारं तारेचं वेटोळं) हे सुधारते, पण बहुतेक सेटमध्ये ती मेन स्विच लावतानाच चालते, तेही तिचा थर्मिस्टर (तापला की वीज अडवणारा भाग) थंड असेल तर. कॅबिनेटमध्ये आपण रिमोटने बंद करतो, तिथेच घोळ होतो.

आधी टीव्ही कायमच्या जागी पक्का करा. शील्ड (चुंबकाचा परिणाम रोखणारं आवरण) नसलेले स्पीकर निदान ३० सेंमी दूर न्या. प्लग काढून अर्धा तास थांबा, मग मेन स्विच लावा. क्षणभर ‘घुंऽ’ झालं म्हणजे कॉइल चालली. डाग उरला तर पुन्हा अर्धा तास. लगेच बंद-चालू करून काही होत नाही.

तरीही हटला नाही तर हातात धरायची वेगळी डिगॉसिंग कॉइल चालू करून पडद्यासमोर गोल फिरवत दोन मीटर मागे या, मगच बंद करा. जवळच बंद केली तर डाग वाढतो. मागचं झाकण मात्र उघडू नका: ॲनोडवर (ट्यूबच्या उच्च दाबाच्या टोकावर) २०,००० व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो टिकू शकतो.