तत्त्व न सोडता तडजोड कशी करायची

आधीच सांगतो, मी जुन्या वळणाचा माणूस. देवधर्म, सणवार, घरातल्या मोठ्यांचा मान, चाललेलं उगाच मोडू नये आणि सरकारनं जरा आपल्या पायरीनं राहावं, असली माझी मतं, आणि मतपण त्याच बाजूला पडतं. तरी आमच्याच लोकांच्या ग्रुपवर आठवड्यातनं एकदा तरी कोणतरी मला 'मवाळ' म्हणतंय, म्हंजे शिवीच की ती. कारण काय, तर मी तडजोड करा म्हणतो. बरं, ज्यांना मवाळ म्हणून हिणवलं त्या न्यायमूर्ती रानड्यांचं आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांचं, दोघांचंही थोडंफार शिक्षण आपल्या कोल्हापुरातच झालंय, तवा शिवी घरचीच आहे म्हणून मी ती खिशात घालतो.

हे लिहितोय ते पेठेत, गावात, सोसायटीत नाहीतर पक्षात काम करणाऱ्यांसाठी, ज्यांना समोरच्या पार्टीशी बसून काहीतरी ठरवायचंय आणि नंतर आपल्या लोकांत ताठ मानेनं फिरायचंपण आहे.

पहिलं म्हंजे तडजोड आणि मांडवली यातला फरक पक्का करून घ्या. साधी टेस्ट आहे. जे ठरलं ते चौकातल्या फळ्यावर लिहिता येतंय का? येत असेल तर तडजोड. 'हे आपल्यातच ठेवूया' असं कोण म्हटलं की उठा तिथनं, चहा अर्धा राहिला तरी चालेल.

मग बसायच्या आधी एका कागदावर दोन रकाने पाडा. एकात, जे गेलं तर सगळंच गेलं ते. दुसऱ्यात, जे थोडं वाकलं तरी चालेल ते. आमच्या विचाराच्या लोकांचा घोळ इथंच होतो, सगळंच पहिल्या रकान्यात, अगदी मंडपाच्या कापडाचा रंगसुद्धा. पहिल्या रकान्यात तिनाच्या वर गोष्टी गेल्या तर कागद फाडा आणि परत लिहा.

आमच्या गल्लीचंच सांगतो. चौकात पिंपळ, त्याला दगडी पार. पोरांचं म्हणणं पार काढा, रिक्षा वळत नाही, उद्या ॲम्ब्युलन्स अडकली तर कोण जबाबदार. आमच्या वयाची माणसं म्हणणार, एक दगड हलवायचा नाही, आज्यापणज्यापासनं हाय तो. तालमीत तीन मिटिंगा झाल्या, तिन्ही भांडणात गेल्या. चौथ्या मिटिंगला मी तो दोन रकान्यांचा कागद काढला आणि बघतो तर माझ्या पहिल्या रकान्यात दोनच गोष्टी, पिंपळ आणि म्हाताऱ्यांना संध्याकाळी टेकायला जागा. पार गोलच असला पाहिजे हे मी कुठंच लिहिलं नव्हतं! पोरांना विचारलं, रिक्षा वळायला किती जागा लागती? कुणालाच माहीत नाही. तीन महिने भांडतोय आणि टेप कुणी लावला नाही. मग एक रिक्षावाला बोलवला, चुन्याची फक्की मारली, दोन-चारदा वळवून बघितली, रस्त्याच्या अंगानं अडीच फूट मिळाले तर भागत होतं. तेवढे कापले, निघालेले दगड मागच्या बाजूला बसवले. आता तो पार एका बाजूनं कुणीतरी चावा घेतल्यागत दिसतो, मला अजून खुपतंय ते, खोटं कशाला बोलू. पण पिंपळ आहे, म्हातारी माणसं बसतायत आणि रिक्षा एका दमात वळतीय. तर भांडण शब्दांवर चाललं असेल ना, तर ते फुटावर, रुपयावर, तारखेवर आणायचं बघा. अडीच फुटांवर माणसं बोलतात, 'परंपरा' आणि 'विकास' यावर नुसती ओरडतात.

आता अर्धं मिळत असेल तर घ्यायचं का नाही? मी एकच बघतो, अर्ध्यातनं पुढचं निघतंय का. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी चाळीसेक वर्षं कोल्हापूरला हायकोर्टाचं खंडपीठ मागितलं. 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं ते सर्किट बेंच, म्हंजे कायमचं खंडपीठ नव्हे, सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात. 'पूर्ण खंडपीठ द्या नाहीतर राहू दे' असं म्हणून बसलो असतो तर पक्षकार अजून रात्रीच्या गाडीनं मुंबईला पळाला असता. आणि कायमच्या खंडपीठाची मागणी काय मेली नाही, उलट आता दाखवायला इथं चाललेलं कामच आहे.

याच्या उलट कोल्हापूर शहराची हद्दवाढ, म्हंजे आजूबाजूची गावं शहरात घ्यायची मागणी. महापालिका झाली 1972 ला, पण हद्दवाढीचं घोंगडं भिजतच पडलं. शहर म्हणतंय गावं आत घ्या, गावं म्हणतायत घरपट्टी वाढेल, शेतीवर आरक्षणं पडतील. मग 2017 ला मधला मार्ग म्हणून 42 गावांचं विकास प्राधिकरण काढलं, म्हंजे गावं शहराबाहेरच, पण त्यांच्या विकासाचं नियोजन बघायला वेगळं सरकारी खातं. शहराची मागणी तशीच, गावांचा विरोध तसाच. माझ्या मते ही तडजोड नव्हतीच, दोन्हीकडच्या लोकांना घरी पाठवायची युक्ती होती. असलं 'अर्धं' समोर आलं की सही करायच्या आधी विचारा, यानं नक्की कुणाचा कुठला प्रश्न सुटला?

घड्याळ कुणाचं पळतंय तेपण बघायचं. ऊसदराचं आंदोलन बघा, 2023 च्या नोव्हेंबरात मागणी होती मागच्या हंगामाच्या उसाला टनाला 400 जादा द्या, शिरोलीला हायवे अडला, आणि मिटलं कशावर, तर आधी तीन हजारांच्या आत दिलेल्या कारखान्यांनी 100 आणि वर दिलेल्यांनी 50. लोक म्हणाले एवढ्यासाठी एवढं केलं? पण रानात ऊस वाळत होता, वजन घटत होतं, तिकडं कारखान्याचा गाळपाचा एकेक दिवस वाया चाललेला आणि सीमेपलीकडचे कर्नाटकातले कारखाने ऊस न्यायला टपलेले. दोघांचंही घड्याळ पळत असलं की मिटतं. एकट्याचंच पळत असेल तर त्याला दाबून घेतलेलं टिकत नाही, पुढच्या हंगामाला तो व्याजासकट काढतो.

आता आमच्या बाजूच्यांना थोडं कडू लागेल. वाजपेयींचं सरकार 96 ला 13 दिवसांत गेलं. 98 ला त्यांनी मित्रपक्षांसाठी मंदिर, 370 आणि समान नागरी कायदा हे तिन्ही विषय कार्यक्रमातनं बाजूला ठेवले. तेव्हा आमच्यातलेच काही तत्त्व विकलं म्हणाले. पण राज्य चालवता येतंय हे लोकांना दिसलं, आणि वीसेक वर्षांत त्यातले दोन विषय पूर्णपण झाले. बाजूला ठेवणं आणि सोडणं वेगळं, एवढंच म्हणणं.

आणि कृपा करून प्रत्येक तडजोडीला पुरंदरचा तह सांगू नका. महाराजांनी 23 किल्ले दिले आणि नंतर परत घेतले, बरोबर, पण समोर मिर्झाराजांची फौज होती. तुमच्या समोर शेजारच्या गल्लीतला माणूस आहे, त्याच्याच नळाचं पाणी पिताय. आपल्या पोरांना 'आत्ता देऊया, नंतर बघून घेऊ' असं समजावलंत तर तो पण ऐकतोय की ते.

सगळ्यात अवघड काम आपल्याच लोकांना सांगणं. इथं मी एकदा माती खाल्लीय. पाराचं ठरलं त्या रात्री मी कौतुकानं ग्रुपवर फोटो टाकला, तालमीतल्या ज्येष्ठांना आधी सांगितलंच नाही, आणि सकाळी दोघं बोलायचे बंद. ठरलं ते त्यांना पटलं होतं हो, पण ते त्यांना मोबाईलवर कळलं. तेव्हापासनं नियम, आधी घरोघर जायचं, काय गमावलं ते स्वतःच्या तोंडानं पहिलं सांगायचं, मग काय मिळालं ते. फोटो नंतर. त्यात समोरच्याला हरवलं, वाकवलं असला शब्द एकपण नको, त्यालापण त्याच्या लोकांत तोंड दाखवायचंय.

शेवटी कागद. साध्या वहीचं पान चालतं, दोन्हीकडच्या सह्या आणि परत कधी बसायचं ती तारीख. आमच्या पाराच्या कागदावर दिवाळीनंतर असं लिहिलंय. पोरं आत्तापासनंच आणखी एक फूट मागायला लागलीत. मीपण मागच्या बाजूला एक बाकडं आणि नळ मागणार आहे, बघू कुठं बसतंय ते.