ड्रिलच्या बॅटरीवर स्पीकर बनवताय? या चुका टाळा

ड्रिलची १८ व्होल्टची बॅटरी, तिच्यात बसणारी ॲडॉप्टर प्लेट, क्लास-डी ॲम्प्लिफायरचा (कमी वीज खाणाऱ्या आवाजवर्धकाचा) बोर्ड, दोन स्पीकर आणि एक खोकं. माझा पहिला पोर्टेबल स्पीकर एका दुपारीत वाजायला लागला, आणि महिन्याभरात त्याने बॅटरी खाल्ली.

रात्री स्विच चालूच राहिला होता. सकाळी मीटर लावला तर जेमतेम ६ व्होल्ट, आणि चार्जर लाल दिवा मिचकावत बॅटरी घ्यायलाच तयार नाही. झालं असं, की व्होल्टेज फार उतरलं की पुरवठा तोडायचं काम बऱ्याच टूल-बॅटऱ्या स्वतः करत नाहीत, ड्रिल करतं. आपल्या खोक्यात ड्रिल नाही, म्हणून ते काम करणारं लो-व्होल्टेज कट-ऑफ मॉड्यूल हवंच. बॅटरीच्या आत पाच सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात. सेलला ३ व्होल्ट धरून १५ ला तोडा. पुन्हा जोडण्याचा आकडा मात्र १५.५ वगैरे ठेवू नका. लोड (म्हणजे ॲम्प्लिफायर) सुटला की व्होल्टेज आपसूक चढतं, रिले (मॉड्यूलमधला आपोआप चालणारा स्विच) जोडतो, बेसचा ठोका आला की परत तोडतो आणि खोक्यातून नुसतं टक्-टक् ऐकू येतं. १८ ठेवा. मॉड्यूलही थोडा करंट पितंच, तेव्हा वाजवून झालं की बॅटरी काढून ठेवा. मेलेली बॅटरी भलत्याच चार्जरने उठवायच्या भानगडीत तर पडूच नका.

फ्यूज प्लसच्या वायरवर, प्लेटला अगदी लागून. ॲम्प्लिफायरजवळ लावला तर मधली वायर फ्यूजच्या संरक्षणाविनाच राहिली की! मी गाडीतला साडेसात अँपिअरचा लावतो. वायर त्याहून जास्त करंट झेपेल इतकी जाड.

बोर्ड घेताना १८ नव्हे, २१ व्होल्टचा हिशेब करा. पूर्ण चार्ज बॅटरी तेवढी देते. टीपीए३११६ चिपचे बोर्ड २६ पर्यंत चालतात. या बोर्डांवर स्पीकरची मायनस वायर ग्राउंडला (बॅटरीच्या मायनसला) जोडायची नाही, दोन्ही स्पीकरच्या मायनस एकत्रही करायच्या नाहीत. चिप जाऊ शकते.

गाणं थांबलं की बारीक किर्र ऐकू येतंय? दोष बहुतेकदा स्पीकरचा नसतो. ब्लूटूथ मॉड्यूलला तात्पुरती पॉवर बँक लावून बघा. आवाज गेला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे मॉड्यूल आणि ॲम्प्लिफायर यांच्या मायनस वायरी दोन वाटांनी जोडल्या गेल्याने येणारा आवाज. मॉड्यूलच्या वाटेत ५ व्होल्टचा आयसोलेटेड कन्व्हर्टर (दोन्ही बाजूंच्या वायरी एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा) टाका, म्हणजे मिटलं. मी हे कळेपर्यंत दोन शिल्डेड वायरी बदलून बसलो होतो.

बॅटरीसाठी खोक्याला भोक पाडलं की हवा तिथूनच फुसफुसते, म्हणून प्लेट मागच्या बाजूला बाहेरून बसवा आणि वायरीची भोकं सिलिकॉनने बुजवा. एवढं करूनही बेस पोकळ वाटला तर दोन्ही स्पीकर एकाच फेजमध्ये आहेत का, म्हणजे त्यांचे पडदे एकाच वेळी एकाच दिशेला हलतात का पाहा: दीड व्होल्टचा सेल प्लसला प्लस करून क्षणभर टेकवायचा. एका स्पीकरचा पडदा बाहेर आणि दुसऱ्याचा आत गेला, तर त्यातल्या एकाच स्पीकरच्या वायरी उलटवा.